पेटीत काही ना काही असतेच

खेळणाऱ्याच्या नावाच्या जागी 'मुटकुळ्याची ताई' असं लिहिलेलं होतं, आणि ते वाचून त्याला आधी हसू आलं. वेडगळ नावांची त्याला सवय होती. दिवसभर काळे वाघ, राणीसाहेब, एकटे लांडगे आणि कसले कसले सम्राट त्याच्या पडद्यावर येऊन तक्रारी करून जात. जेवणानंतरची वेळ होती, ऑफिसात डबे उघडल्याचा वास अजून रेंगाळत होता, वरचं थंड हवेचं यंत्र नेमकं त्याच्याच मानेवर फुंकर घालत होतं. पडद्यावर तीन चौकटी उघड्या होत्या. एकीत कोणाची तरी तलवार हरवली होती, दुसरीत कोणी नुसत्याच शिव्या लिहीत होतं, आणि ही तिसरी नुकतीच उघडली होती. हसू आलं आणि ते तोंडातल्या तोंडात थांबलं, घास चावताना दाताखाली खडा यावा तसं. कारण जगात वाघ आणि लांडगे कितीही असोत, मुटकुळ्या एकच होता, आणि तो चाकाला दोरा गुंडाळला गेल्यामुळे नीट न सरकणाऱ्या खुर्चीवर, कानाला हेडफोन लावून, दुसऱ्याच नावाने बसलेला होता.

लहानपणी तो गुडघे हनुवटीला लावून झोपायचा. आई गेल्यानंतरच्या वर्षी सुरू झालेली ती सवय. ताई रात्रपाळी करून सकाळी घरी यायची, अंगाला दवाखान्यातल्या औषधांचा वास, पायात पांढरे बूट, आणि दारातूनच म्हणायची, "ऊठ रे मुटकुळ्या, शाळेला उशीर होतोय." हे नाव अप्पांनाही ठाऊक नव्हतं. अप्पा म्हणजे त्यांचे वडील. त्यांना मुलांची खरी नावं तरी सलग आठवत होती की नाही, शंकाच होती. पुढे तो मोठा झाला, शिकला, त्याचं लग्न झालं आणि मोडलं. ताई वॉर्डाची मुख्य सिस्टर झाली आणि मग निवृत्त झाली. ते नाव कोणी पुसलं नाही, फक्त वापरातून गेलं. त्याला वाटलं होतं की ताईसुद्धा विसरली असेल. आणि ताईने ते इथे, ह्या खेळाच्या दारात, आपल्या कपाळावर लावून ठेवलं होतं.

"नमस्कार. कोणी आहे का तिकडे?" चौकटीत अक्षरं उमटली.

त्याने ठरलेलं स्वागताचं वाक्य पाठवलं. त्याच्या खाली त्याचं कामावरचं नाव आपोआप लागलं. कंपनीने दिलेलं छोटंसं, गोड, कोणाचंही असू शकेल असं नाव. तो कुठल्याशा कंपनीत लिहायचं काम करतो, एवढंच ताईला ठाऊक होतं.

"मी घर लावायचा खेळ खेळते. माझं सगळं घर लावून झालं आहे. फक्त जिन्यावरची गोल खिडकी राहिली आहे, रंगीत काचांची. ती पेटीतून निघत नाही. किती दिवस झाले, पैसे भरून पेट्या घेते आहे, स्टुलं निघतात. स्टुलं ठेवायला आता जागा नाही बरं का. तर ती खिडकी मला सरळ विकत द्या. काय किंमत असेल ती सांगा."

एक एक अक्षर एका बोटाने शोधून दाबलेलं त्याला दिसत होतं. ताई इंजेक्शन भरायची तेव्हा सुई उजेडाकडे धरून एक डोळा बारीक करायची. फोनवर लिहितानाही तशीच करत असणार. त्याच्या पडद्याच्या उजव्या बाजूला तिच्या खरेदीची यादी आली होती आणि ती खाली खाली जात होती. तो आकडे बघत होता पण वाचत नव्हता. तसं बघता येतं. दवाखान्यात लोक नातेवाइकाच्या जखमेकडे तसं बघतात. नावापुढे सोन्याचा छोटा तारा होता. तारा सगळ्यांना मिळत नाही. जो खेळाडू दर महिन्याला न चुकता पेट्या घेतो, त्यालाच. ऑफिसात त्यांना 'ताऱ्याची माणसं' म्हणत, आणि ती आपल्या वाट्याला आली की शेजारची मुलगी पुटपुटायची, "आला बाई पाहुणा, आता पाट मांडा."

गोल खिडकी विकायला नाही, असं त्याने लिहिलं. ती फक्त आश्चर्यपेटीतून मिळते.

"कधी मिळते?"

"कधीही मिळू शकते."

तलवारवाला रागावून निघून गेला. मग तिसऱ्या चौकटीत उमटलं, "एक विचारू का? राग मानू नका. हा जुगार आहे का हो?"

ह्या प्रश्नाला उत्तर तयार होतं. दोन कळा दाबल्या की चौकटीत येणारं, कायदा विभागाने मान्य केलेलं उत्तर. सरकारने एक समिती नेमली होती, असल्या पेट्यांना जुगार म्हणायचं की नाही हे ती ठरवणार होती, आणि तोवर इथल्या कोणीही 'जुगार', 'पैज', 'नशीब' हे शब्द हातून जाऊ द्यायचे नव्हते. कायदा विभागाने पाठवलेला मूळ मजकूर दगडासारखा होता. त्याचा अर्थ असा की, जुगारात पैसे लावावे लागतात, फळ दैवावर असावं लागतं, आणि जे जिंकाल त्याला बाहेर काही मोल असावं लागतं. आपल्या पेटीतल्या वस्तूला बाहेर काडीचंही मोल नाही, म्हणून हा जुगार नाही. पहिल्यांदा वाचताना त्याला हा विनोद वाटला होता. म्हणजे जिंकायची सोयच ठेवलेली नाही, म्हणून जुगार नाही! पण तो पूर्वी क्लासमध्ये भाषा शिकवायचा आणि क्लास बंद पडल्यावर इथे लागला तोच चांगलं लिहितो म्हणून. हा मजकूर माणसांच्या भाषेत आणायचं काम त्याच्याकडे आलं. त्याने त्यावर अख्खी दुपार घालवली. 'प्रत्येक पेटीत काही ना काही असतेच, त्यामुळे आपण कधीही रिकाम्या हाताने परतत नाही.' हे वाक्य त्याचं. 'रिकाम्या हाताने' हे सुचलं तेव्हा त्याला खरोखरीचा आनंद झाला होता, निबंधात चांगली ओळ साधल्यावर व्हायचा तसा. टीम लीडरने सगळ्यांसमोर ते मोठ्याने वाचून दाखवलं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. त्या दिवशी घरी जाताना तो स्वतःवर बऱ्यापैकी खूश होता, हे त्याला आता आठवलं, आणि मानेवरची थंड हवा आणखी खाली उतरली.

निबंध लिहायला ताईनेच शिकवलं होतं. स्वतः थकून आलेली असायची, पाय बादलीत बुडवून बसायची आणि म्हणायची, वाच. तो वाचायचा. ती मध्येच थांबवायची, "हे वाक्य तुझं नाही. कुठून तरी उचललंस. तुझं सांग." आणि अप्पा तेव्हा टायरच्या दुकानावरच्या खोलीत पत्ते खेळत असायचे. ते दारुडे नव्हते, आरडाओरडा करत नसत, कोणावर हात उगारत नसत. उलट हरून येताना त्यांचा चेहरा उजळलेला असायचा. "थोडक्यात हुकलं गं," असं ते दारातून सांगत, जणू काही ती एक चांगलीच बातमी होती. एकदा ताई त्या खोलीचा लाकडी जिना चढून गेली होती. तो खाली उभा होता, रबराचा वास नाकात घेऊन. वरून आवाज आला नाही. थोड्या वेळाने अप्पा तिच्या मागून मुकाट्याने खाली आले, आणि घरी येईपर्यंत तिघंही बोलले नाहीत. रात्री ती त्याला म्हणाली, "हरल्यावर ज्याला हसू येतं ना, त्या माणसाजवळ उभं राहायचं नाही." पुढे दवाखान्यात वर्षाअखेरीला चिठ्ठ्या टाकून बक्षिसं वाटायचे, कोणाला छत्री, कोणाला थर्मास. ताईने कधी आपली चिठ्ठी टाकली नाही. बाकीच्या सिस्टर तिला हसायच्या. तिचं लग्न ठरता ठरता राहिलं तेही मुलाच्या घरच्यांना टायरच्या दुकानावरची खोली ठाऊक झाली म्हणून. ह्याबद्दल ती अप्पांना एका शब्दाने बोलली नाही. त्यांच्या शेवटच्या आजारात तिनेच त्यांचं सगळं केलं, दुसऱ्याच्या बापाचं करावं तसं, चोख.

त्याने दोन कळा दाबल्या. उत्तर गेलं.

"छान लिहिलंत," थोड्या वेळाने आलं. "डोक्यावरचं ओझं उतरलं. मला आपलं उगीच वाटत होतं. जेवलात का?"

तो त्या शेवटच्या दोन शब्दांकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांत त्याला लोकांनी चोर म्हटलं होतं, आयाबहिणींचा उद्धार केला होता, एकाने आत्महत्येची धमकी दिली होती. जेवलात का, असं कोणी विचारलं नव्हतं. ह्याला तयार उत्तर नव्हतं. 'हो' असं त्याने लिहिलं.

"तरी मी म्हणते आता बंदच करावं. फार झालं. डोळेही दुखतात."

आणि पडद्याच्या वरच्या कडेला पिवळी पट्टी लुकलुकायला लागली. ताऱ्याच्या माणसाने 'बंद' हा शब्द लिहिला की ती आपोआप लागते आणि काचेपलीकडे बसलेल्या टीम लीडरलाही दिसते. टीम लीडर त्याच्याहून वयाने लहान, सतत च्युइंगम चघळणारा, मनाने वाईट नव्हता. त्याने काचेतूनच भुवया उंचावल्या. अशा वेळी दोनच वाटा होत्या. माणसाने स्पष्ट शब्दांत मागितलं तर खातं कायमचं बंद करून द्यायचं. नाही तर मनधरणी करायची, म्हणजे काही पेट्या भेट पाठवायच्या. पहिल्या वाटेसाठी एकच प्रश्न पुरे होता. तो त्याने लिहिलासुद्धा. 'आपल्याला खातं कायमचं बंद करायचं आहे का?' वाक्य चौकटीत उभं होतं, फक्त पाठवायचं बाकी. पण बंद केलं की घर जातं. खुर्च्या, पडदे, दिवे, तिने एवढे दिवस एका बोटाने लावलेलं सगळं एका क्षणात पुसलं जातं, आणि पडद्यावर 'धन्यवाद' येतं. त्याला ते घर डोळ्यांसमोर दिसलं नाही, पण ती ते बघत बसलेली दिसली. जन्मभर दवाखान्याच्या आणि भाड्याच्या खोल्यांत राहिलेली बाई. तिचं घर आपण आपल्या हाताने पुसायचं? हे त्याचं कारण होतं. निदान तेव्हा त्याला ते कारण वाटलं. संध्याकाळी बसमध्ये बसून विचार केला तेव्हा त्यात च्युइंगमचा, उंचावलेल्या भुवयांचा आणि पुढच्या आठवड्यातल्या पगारवाढीच्या बोलण्याचा भाग किती, हे त्याला वेगळं काढता येईना.

त्याने वाक्य पुसलं आणि भेट पाठवली.

"अय्या!" असं उमटलं. ताईने 'अय्या' म्हटलेलं त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं. "देव तुमचं भलं करो."

टीम लीडरने काचेतून त्याला शाबासकीचा अंगठा दाखवला. तो उठला, बेसिनपाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं, आणि नळ बंद करायचा राहिला म्हणून मागून आलेला माणूस त्याच्यावर खेकसला. मागे एका सभेत पेट्या बनवणाऱ्यांपैकी एक जण भिंतीवर चित्रं दाखवत समजावत होता. पेटी उघडते, वस्तू गरागरा फिरतात, माणसाला हवी ती वस्तू हळूहळू समोर येते, अगदी थांबते आहे असं वाटतं, आणि पुढची येऊन बसते. ह्याने माणूस पुन्हा येतो, तो म्हणाला, हे सिद्ध झालेलं आहे. सगळे मान डोलावत होते. त्यानेही डोलावली होती. टायरच्या दुकानावरच्या खोलीला ह्यातलं काहीही बनवावं लागलं नव्हतं, तिथे ते आपोआप व्हायचं. इथे पगार देऊन माणसं ठेवली होती. आणि वर भाषेला तो होता.

सुटल्यावर तो सरळ ताईकडे गेला. ताई तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायची. त्याने बेल वाजवली तेव्हा आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काही क्षण काहीच नाही, मग दार उघडलं. टेबलावर फोन पालथा घातलेला होता. "आज कसा वाट चुकलास?" ती म्हणाली. पण नेहमीसारखी कपाळावरची आठी नव्हती. गाल किंचित लाल होते. तिने चहा केला, साखर जास्त घातली. तो कप धरून बसला आणि खोलीभर बघत राहिला. सगळं जिथल्या तिथे, घडी केलेलं, पुसलेलं. फक्त चष्म्याची नवी काच करायला टाकायची म्हणून दोन महिने सांगत होती, तो चष्मा अजून तोच होता, डाव्या काचेला चीर असलेला. आणि गुडघ्याच्या औषधाची बाटली कपाटावर रिकामी उभी होती.

"औषध संपलंय का गं?"

"आणीन की. एवढं काही दुखत नाही."

"ताई, तू फोनवर काय खेळतेस?"

ती दचकली नाही. तो दचकला, कारण ती हसली. "तुला कोणी सांगितलं? खालच्या मजल्यावरची बोलली ना? काही नाही रे, घर लावायचा खेळ आहे. वेळ जातो. परवा तर खिडकी हातात आल्यासारखी होती, थोडक्यात हुकली."

त्याने कप खाली ठेवला. कप बशीवर नीट बसला नाही, वाजला. "तो जुगार आहे, ताई."

आता आठी आली. ती सरळ बसली, वॉर्डात बसायची तशी. "तोंड सांभाळून बोल. मला अप्पांच्या पंक्तीला बसवतोस? अरे, जुगारी माणसाला पैसे परत हवे असतात, दुप्पट हवे असतात. मला काय परत हवंय? एक दमडी नको मला. मला खिडकी हवी आहे."

"कशाला पण? त्या खिडकीत एवढं काय आहे?"

तिने जरा विचार केला. तिला खोटं बोलता यायचं नाही. "काही नाही. बाकीचं सगळं झालंय ना, म्हणून."

बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा किरकिरा आवाज चालू होता.

"आणि मी विचारलंय त्यांना," ती म्हणाली. फोन सरळ करून तिने लांब धरला आणि चीर गेलेल्या काचेतून वाचायला लागली. "प्रत्येक पेटीत काही ना काही असतेच, त्यामुळे आपण कधीही रिकाम्या हाताने परतत नाही. बघ! कसं सरळ लिहिलंय. कुठून उचललेलं नाही, माणसाने मनापासून लिहिलेलं कळतं लगेच. शिकलेली माणसं आहेत ती. तू आलास मला शिकवायला."

"ते मी लिहिलंय."

"काय?"

"ते वाक्य. मी लिहिलंय. आणि दुपारी तुझ्याशी बोलत होता तो मीच. जेवलात का विचारलंस ना, ते मला विचारलंस. ताई, ती वस्तू समोर येते, थांबल्यासारखी होते आणि जाते, ते मुद्दाम करतात. बसून करतात. मी पाहिलंय. आणि मी तुला त्या पेट्या पाठवल्या, तू बंद करते म्हणालीस तरी."

एवढं बोलून तो थांबला. त्याला मार हवा होता. लहानपणी खोटं बोलल्यावर बसायची तशी एक सणसणीत, कानाखाली. तिने म्हणावं, असल्या नोकरीला आग लाव आणि मग माझ्या दारात ये. तिने उठून तोंड फिरवावं. अप्पांना जिन्यावरून खाली आणताना तिचा जो चेहरा होता तो चेहरा तिने आज आपल्याकडे करावा, एवढीच त्याची अपेक्षा होती, आणि ती अपेक्षा धरून तो दुपारपासून इथवर आला होता हे त्याला त्याच क्षणी कळलं.

ताईने चष्मा काढला. डोळे पुसले नाहीत, चष्माच पुसला, आणि पुन्हा लावला. मग खुर्ची ओढून ती त्याच्या अगदी जवळ आली. तिच्या अंगाला आता औषधांचा वास येत नव्हता, साबणाचा येत होता.

"म्हणजे तू आतला माणूस आहेस?"

"हो."

"मग इतके दिवस बोलला नाहीस ते!" तिने त्याच्या दंडाला हात लावला. आवाज खाली आला, खोलीत दुसरं कोणी नव्हतं तरी. "मग तुला ती खिडकी काढून देता येईल की रे."

त्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"ताई, तसं नसतं. ते कोणाच्या हातात नसतं."

"असं कसं? पेटीत कोणीतरी ठेवत असेलच ना? जो ठेवतो त्याला सांग. माझं नाव सांगू नकोस हवं तर, दुसऱ्या कोणासाठी म्हण." ही बाई उभ्या आयुष्यात कोणाकडे पाळी बदलून मागायला गेली नव्हती. ताप असताना उभी राहिली होती, पण साहेबांच्या दारात गेली नव्हती. "मी तुला कधी काही मागितलंय का? सांग ना. एवढं एक."

"बघतो," तो म्हणाला.

"बघतो नको. विचार."

"विचारतो."

ती उठली ती गुडघ्यावर हात न टेकता. आता जेवूनच जा म्हणाली, आणि स्वयंपाकघरातून भांड्यांच्या आवाजात त्याला सांगत राहिली की खिडकी जिन्याच्या वळणावर कशी येईल, खालच्या हिरव्या दिव्याशी ती कशी जुळेल, आणि त्या भिंतीवर तिने मुद्दामच काही लावलेलं नाही. जेवताना ती पुष्कळ बोलली. त्याने वाढलेलं सगळं खाल्लं. मग तिने ताटं बाजूला सारली, हात पुसला आणि फोन त्याच्यासमोर ठेवला. भेटीतली एक पेटी तिने राखून ठेवली होती.

"तू उघड," ती म्हणाली.

त्याने बोट लावलं. झाकण उघडलं, वस्तू गरागरा फिरायला लागल्या. खुर्च्या, कुंड्या, आरसे. मग फिरणं मंद झालं आणि डावीकडून रंगीत काचांची कड आत आली, पाव खिडकी, अर्धी खिडकी. त्याला सगळं ठाऊक होतं, भिंतीवरच्या चित्रांसकट ठाऊक होतं, तरी दुसऱ्या हाताने त्याने टेबलाची कड घट्ट धरली. खिडकी मधोमध आली, किंचित थरथरली आणि पुढे सरकली.

पायपुसणं निघालं.

"असू दे," ताई म्हणाली. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "उद्या आठवणीने विचार मात्र."